भार जातो कुठे?

आमच्या गावाकडे येणाऱ्या रस्त्यावर एक पूल आहे. पुलाला नाव नाही. खालच्या पऱ्याला आहे, पण ते गावाबाहेर कुणाला ठाऊक नाही. पावसाळ्याचे चार महिने हा पऱ्या तांबडे पाणी घेऊन धावतो आणि उन्हाळ्यात त्याच्या डबक्यांत म्हशी बसतात. पुलाच्या तोंडाशी, रस्त्याच्या कडेला एक पाटी होती. पिवळ्या पत्र्यावर काळ्या अक्षरांत लिहिलेले होते : ‘पूल कमजोर. १६ टनांहून अधिक भाराच्या वाहनांस बंदी.’

माझा व्यवसाय शिकवण्याचा आणि नाद लिहिण्याचा. वाटेत दिसेल ते अक्षर वाचल्यावाचून मला पुढे जाववत नाही. वाण्याच्या पुडीचा कागददेखील मी उलगडून वाचतो. तरीही ही पाटी मी वर्षानुवर्षे पाहिली आणि वाचली मात्र नाही, असे आज म्हणावे लागते. ज्या आज्ञेचा आपल्याशी संबंध नाही अशी आपली समजूत असते, ती डोळ्यांना दिसते, पण मनाला दिसत नाही. माझ्यापाशी ट्रक नव्हता. मग सोळा टनांशी माझे काय देणेघेणे असणार?

२०१९ सालच्या उन्हाळ्यात आमच्या शाळेला दोन खोल्या वाढवायचे ठरले. गावाने वर्गणी काढली. गणपतीला आलेल्या चाकरमान्यांनी दिलेली, म्हाताऱ्यांनी कनवटीची सोडलेली अशी ती रक्कम. तिच्यातला एक रुपयाही वाया जाऊ नये, ही शाळा समितीतल्या प्रत्येकाची तळमळ. बांधकामाचा हिशेब माझ्याकडे होता. जांभ्या दगडाचे सोळाशे चिरे लागणार होते, आणि चिरेखाण हमरस्त्याच्या बाजूला. म्हणजे प्रत्येक चिरा पूल ओलांडूनच यायला हवा. एक चिरा पंचवीस-तीस किलोच्या घरात भरतो. पाटीचा मान राखायचा तर ट्रकात तीनशेच्या आसपास चिरे घालून सहा खेपा कराव्या लागत होत्या.

चिरेवाल्याने विचारले, “गुरुजी, सहा खेपो मारूच्यो, की तीनातच भागवूया?”

खेपेचे भाडे अडीच हजार. मी मनातल्या मनात गुणाकार केला. साडेसात हजार वाचत होते. दोन्ही खोल्यांच्या खिडक्या त्यात बसत होत्या.

“पण ती पाटी?” मी म्हटले.

तो हसला. “पाटी थयच आसा, गुरुजी. सगळेच जातत.”

“मग तीनातच भागवा,” मी म्हणालो.

तीन खेपा झाल्या. पूल हललासुद्धा नाही. खोल्या उभ्या राहिल्या, उद्घाटन झाले, हिशेब वाचताना वाचलेल्या साडेसात हजारांचा मी आवर्जून उल्लेख केला आणि सभेने माझ्या काटकसरीबद्दल टाळ्या वाजवल्या. त्या टाळ्या मला अजून ऐकू येतात.

२०२२ च्या पावसाळ्यात पुलाच्या स्लॅबला खालून तडा दिसला. साहेब आले, वाकून पाहून गेले. महिनाभरात जुनी पाटी निघाली आणि नवी लागली. तिच्यावर आकडा होता ५ टन. एवढ्यावर न थांबता पुलाच्या दोन्ही तोंडांशी लोखंडी खांब पुरून वर आडवी तुळई टाकण्यात आली, म्हणजे उंच वाहनाला शिरताच येऊ नये. झाले ते योग्यच झाले. तडा गेलेल्या पुलावर दुसरे काय करणार? पण त्या तुळईखालून एस.टी. जात नाही. पूर्वी ती पूल ओलांडून शाळेपाशी थांबे आणि पुढे चार किलोमीटरवरच्या शेवटच्या वाडीत जाऊन वळे. आता ती पुलाअलीकडेच वळते. त्या वाडीतून आमच्या शाळेत सात मुली येत. एस.टी.चा पास त्यांना फुकट होता. खाजगी रिक्षाचे भाडे त्यांच्या आईबापांना झेपणारे नव्हते. सातही जणी चालू लागल्या. जाऊन येऊन आठ किलोमीटर, मध्ये रान, पावसाळ्यात सहा वाजता काळोख. दिवाळीच्या सुट्टीनंतर सहाच आल्या. सातवी काजूच्या कारखान्यात जाते, असे तिच्या मैत्रिणीने खाली मान घालून सांगितले. ती नववीत होती आणि निबंध चांगले लिहीत असे.

माझ्या तीन खेपांनी तो तडा गेला, असे मी म्हणत नाही. तसे म्हणणे हासुद्धा एक प्रकारचा अहंकार होईल. साहेबांना मी विचारले होते. ते म्हणाले, पुराच्या पाण्याने खांबाच्या मुळाशी माती धुपली आहे, पुलाचे वयही झाले आहे, आणि जड वाहने तर रोजचीच. यातले अमुकच एक कारण, असे सांगता येणार नाही. मला हायसे वाटले. आणि आपल्याला हायसे वाटले याचीच पुढे मला लाज वाटू लागली. जे अपराध एकट्याचे नसतात त्यांची ही गंमत आहे. चोरी झाली तर चोर असतो, खून झाला तर खुनी असतो. पण पूल खचतो तेव्हा त्याच्यावरून गेलेला प्रत्येक जण शपथेवर सांगू शकतो की माझ्यामुळे हे झाले नाही, आणि त्यातला एकही खोटे बोलत नसतो. सर्वांची साक्ष खरी, आणि तरीही पूल तडकलेला! ही कसली खरी साक्ष?

‘सगळेच जातत’ या दोन शब्दांत चिरेवाल्याने एक पूर्ण नीतिशास्त्र मांडले होते. त्याचा अर्थ असा की, माझ्या वाट्याचे नुकसान इतके बारीक आहे की ते नसल्यासारखेच. हे म्हणणे खरे आहे की काय, हे पाहण्यासाठी थोडे गणित करणे भाग आहे, आणि हे गणित माणसांनी मोठ्या कष्टाने केलेले आहे. १९५८ ते १९६० या काळात अमेरिकेत इलिनॉय राज्यातल्या ओटावा गावाजवळ मुद्दाम चाचणीसाठी रस्ते बांधण्यात आले आणि सैनिकांना बसवून त्यांवरून ट्रक फिरवण्यात आले. वेगवेगळ्या भारांचे अ‍ॅक्सल अकरा लाखांहून अधिक वेळा त्या रस्त्यांवरून गेले. रस्ता कुठे दबतो, कुठे फुटतो, याची नोंद होत राहिली. तिच्यातून निघालेला ठोकताळा आजही जगभरचे अभियंते वापरतात : रस्त्याची झीज अ‍ॅक्सलवरच्या भाराच्या सुमारे चौथ्या घाताने वाढते. भार दुप्पट झाला तर झीज दुप्पट होत नाही, सोळा पट होते. भार नुसता पाचव्या हिश्शाने वाढवला तरी झीज दुपटीवर जाते. अर्ध्या टनाचा अ‍ॅक्सल असलेली मोटार आणि दहा टनांचा अ‍ॅक्सल असलेला ट्रक यांची तुलना केली, तर ट्रकाचा तो एक अ‍ॅक्सल एक लाख साठ हजार मोटारींच्या अ‍ॅक्सलांइतकी झीज करतो.

हे गणित रस्त्याचे आहे. पुलाचे शास्त्र निराळे आणि अधिक गुंतागुंतीचे आहे. पण पुलाकडून शाळेकडे येणारा अर्धा मैल रस्ताही होताच ना! एका संध्याकाळी वही घेऊन मी माझ्या साडेसात हजारांचा हिशेब पुन्हा मांडला. तीनशे चिऱ्यांची खेप ट्रकासकट पंधरा टनांच्या आसपास, माझी खेप साडेएकवीस टनांच्या आसपास. दुप्पटसुद्धा नाही, जेमतेम दीडपट. पण चौथ्या घाताने पाहिले तर माझी एक खेप साध्या चार खेपांइतकी झीज करणारी निघाली. म्हणजे मी खेपा निम्म्या केल्या आणि झीज दुप्पट केली. सभेने टाळ्या वाजवल्या होत्या त्या या काटकसरीला! पैसे वाचले नव्हतेच. ते मी शाळेच्या वहीतून काढून रस्त्याच्या वहीत उधार लिहून ठेवले होते. आणि रस्त्याची वही कोणत्याच सभेत वाचली जात नाही.

इथे मला या प्रश्नाचे मूळ सापडल्यासारखे वाटले. भार नाहीसा होत नाही. आपण तो एका खांद्यावरून काढला की तो दुसऱ्या कुणाच्या तरी खांद्यावर जाऊन बसतो. ज्याच्या खांद्यावर तो बसतो त्याला आपण विचारलेले नसते, आणि बहुधा तो आपल्याला दिसतही नाही. मर्यादा मोडणे याचा नैतिक अर्थ एवढाच आहे. पाटीवरचा आकडा काही देवाने दिलेला नसतो. तो ओलांडल्याने पाप लागते असेही नाही. पाप आहे ते, आपला भार न विचारता दुसऱ्यावर टाकण्यात.

कायद्याला हे कळलेले दिसते. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या ११५ व्या कलमाने, सार्वजनिक सुरक्षितता वा सोय यांसाठी किंवा एखाद्या रस्त्याचे वा पुलाचे स्वरूप पाहून तिथे वाहनांना बंदी वा मर्यादा घालण्याचा अधिकार राज्य सरकारला आणि सरकारने नेमलेल्या अधिकाऱ्याला दिलेला आहे. घाटरस्त्यांवर पावसाळ्यात जिल्हाधिकारी जड वाहनांना मनाई करतात ती याच अधिकारात. ही मर्यादा मोडणाऱ्याला २०१९ च्या दुरुस्तीनंतर वीस हजार रुपये दंड, वर प्रत्येक जादा टनामागे दोन हजार, आणि जादा माल उतरवल्याशिवाय गाडी हलवता येत नाही. पण मला विचार करायला लावले ते कलमातल्या एका शब्दाने. शिक्षा नुसती वाहन चालवणाऱ्याला सांगितलेली नाही. जो ते चालवायला लावतो आणि जो चालवू देतो, त्यालाही आहे. चालवायला लावणारा! मी ट्रकाच्या टपावर बसलो नव्हतो, चाकाला हात लावला नव्हता. नाक्यावर गाडी धरली गेली असती तर पोलिसांनी ड्रायव्हरला खाली उतरवले असते आणि मी दुरून हळहळलो असतो. पण ती गाडी पुलावर घातली होती ती माझ्या तीन शब्दांनी.

कायद्याची बाजू घेताना एक गोष्ट मात्र नजरेआड करून चालणार नाही. कागदावरची मर्यादा आणि दगडाची मर्यादा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. २०१८ च्या जुलैमध्ये केंद्र सरकारने मालवाहू गाड्यांची अनुज्ञेय भारमर्यादा वाढवली. चार चाकांच्या एका अ‍ॅक्सलवर पूर्वी १०.२ टन चालत, ते ११.५ झाले, दोन अ‍ॅक्सलच्या ट्रकाचे एकूण वजन १६.२ टनांवरून १८.५ टनांवर गेले. त्यामागे विचार होता : गाड्या पूर्वीपेक्षा मजबूत झाल्या आहेत, एका फेरीत अधिक माल गेला तर वाहतूक स्वस्त पडेल, आणि चोरून जास्त भरण्याचे कारण उरणार नाही. या विचाराला कुणी सरसकट नावे ठेवू नयेत. पण आदल्या दिवशी जो अ‍ॅक्सल दंडाला पात्र होता तो दुसऱ्या दिवशी सज्जन झाला, आणि खालचा रस्ता मात्र होता तोच राहिला. चौथ्या घाताचा ठोकताळा लावला तर त्या एका अ‍ॅक्सलखाली रस्त्याची झीज दीडपटीहून अधिक झाली. राजपत्रातला आकडा शाईने बदलता येतो, डांबराखालची खडी शाई जाणत नाही. तेव्हा कायद्यात बसते म्हणून नीतीत बसते, असे समजून कुणी निश्चिंत होऊ नये. भार कुठे गेला, हा प्रश्न कायदा पाळल्यावरही शिल्लक राहतो.

आणि हाच प्रश्न मर्यादा घालणाऱ्यालाही विचारायला हवा. आतापर्यंत मी मर्यादा मोडणाऱ्याला, म्हणजे मला, आरोपीच्या पिंजऱ्यात उभे केले. पण आमच्या वाडीतल्या मुलींची शाळा बंद पाडायला जशा माझ्यासारख्यांच्या खेपा कारण झाल्या असतील, तशी ती आडवी तुळईही झाली. पुलावरचा भार कमी झाला खरा. तो गेला कुठे? सात मुलींच्या पायांवर. बंदी घालणाऱ्याने पूल पाहिला, तडा पाहिला, टन मोजले. शेवटच्या वाडीतली पावले मोजायचे त्याच्या कामात कुणी लिहूनच दिलेले नव्हते.

हे आमच्या पुलापुरतेच आहे असे नाही. वाहनांवरच्या मर्यादा जेवढ्या जुन्या तेवढीच ही चूकही जुनी आहे. दोन हजारांहून अधिक वर्षांपूर्वी, इ. स. पूर्व ४५ च्या सुमारास, ज्यूलियस सीझरच्या कायद्याने रोम शहरात दिवसाउजेडी मालगाड्यांना बंदी केली. गल्ल्या अरुंद, माणसांची दाटी, त्यात दगड-लाकडांनी भरलेल्या गाड्या. बंदी शहाणपणाचीच होती. तिला अपवादही ठेवले होते. देवळांच्या बांधकामाचे सामान आणि सरकारी कामाचे सामान दिवसाही नेता येत असे. तो अपवाद वाचताना मी जरा थबकलो. शाळेच्या पवित्र कामासाठी मी स्वतःला दिलेली सूट याच जातीची होती! असो. दिवसा बंद झालेल्या गाड्या रात्री येऊ लागल्या. पुढे दीडएकशे वर्षांनी जुव्हेनल नावाच्या कवीने आपल्या उपरोधिक काव्यात तक्रार केली आहे की, या शहरात झोप घ्यायची तर श्रीमंतच असावे लागते. भाड्याच्या खोलीत राहणाऱ्याला गाड्यांचा खडखडाट आणि गाडीवानांच्या शिव्या झोपूच देत नाहीत. रस्त्यावरचा दिवसाचा भार हलला, तो गरिबाच्या झोपेवर जाऊन बसला.

रोम दूरचे वाटत असेल तर आपल्या माथेरानकडे पाहावे. तिथे सोळा टन की पाच टन हा वादच नाही. मोटार नावाची वस्तूच दस्तुरी नाक्यावर थांबते. रुग्णवाहिका आणि आगीचा बंब यांच्यापुरता अपवाद. फेब्रुवारी २००३ मध्ये हा डोंगर पर्यावरणाच्या दृष्टीने संवेदनशील म्हणून केंद्र सरकारने जाहीर केला आणि आधीपासूनच्या त्या रीतीला कायद्याचे बळ आले. तांबड्या मातीच्या वाटा, त्यांवर झाडांची सावली, कुठे भोंगा नाही की धूर नाही. तिथे गेलेला माणूस मर्यादेचे गुण गातच परत येतो, आणि मीही ते गायिले आहेत. पण नाक्यापासून बाजारपेठ अडीच-तीन किलोमीटर चढाची. सामान, म्हातारी माणसे, थकलेले पाहुणे वर जायचे कसे? घोडा, हमाल, नाहीतर हातरिक्षा. एक माणूस पुढे ओढतो, मागून दुसरा-तिसरा ढकलतो, आणि आत माणूस बसलेला असतो. मोटारीला मज्जाव केल्यामुळे तिचा भार नाहीसा झाला नव्हता. माणसाच्या छातीवर पट्ट्यासारखा आला होता. दम लागलेल्या त्या छातीचा हिशेब झाडांच्या हिशेबात कुणी धरला नव्हता.

ही गोष्ट न्यायालयापर्यंत नेली ती हातरिक्षा ओढणाऱ्यांनीच. विजेवर चालणारी छोटी रिक्षा आम्हांला चालवू द्या, एवढेच त्यांचे मागणे होते. २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने प्रयोगापुरती परवानगी दिली आणि त्या वर्षाच्या डिसेंबरात ई-रिक्षा माथेरानच्या वाटेवर चालू लागली. पायपीट करणारी शाळेची मुले तिच्यात बसू लागली. घोडेवाल्यांचा विरोध होता, आणि तोही सहज उडवून लावण्यासारखा नव्हता. त्यांच्या घरची चूलही त्याच वाटेवर पेटत होती. अखेर ऑगस्ट २०२५ मध्ये न्यायालयाने, माणसाने माणसाला ओढण्याची ही प्रथा मानवी प्रतिष्ठेला काळिमा आहे असे ठरवून, ती सहा महिन्यांत बंद करण्याचा आणि ओढणाऱ्यांच्या पुनर्वसनाचा आदेश दिला. यातली विचार करण्याजोगी गोष्ट ही की, मोटारबंदी उठवावी असे कुणी म्हटले नाही. मर्यादा राहिली. ती घातल्यावर भार ज्याच्या अंगावर पडला होता, त्याच्याकडे कुणीतरी प्रथमच मान वळवून पाहिले.

यावर एक आक्षेप येईल, आणि तो खरा आहे. कुणी म्हणेल, गुरुजी, तुम्ही असे प्रत्येक मर्यादेच्या मागे तिचे दुःख शोधत बसलात तर मर्यादा घालण्याचे धैर्य कुणाला होणार? दयाबुद्धीने पुलावरची पाटी काढली, तर पूल दया करील काय? नाही करणार. १५ जून २०२५ ला, रविवारी, मावळातल्या कुंडमळ्याला इंद्रायणीवरचा जुना लोखंडी पूल सहलीला आलेल्या माणसांच्या गर्दीने कोसळला आणि चार माणसे गेली. पूल धोकादायक असल्याची पाटी तिथे होती. ती वाचून पुढे गेलेला प्रत्येक जण हेच म्हणाला असेल, की माझ्या एकट्याच्या वजनाने काय होते? तिथे आडवी तुळई असती तर कुणाची तरी गैरसोय झाली असती, कुणी शिव्या दिल्या असत्या, आणि ती चार माणसे आज त्या शिव्या देणाऱ्यांत असती. तेव्हा मर्यादा हवी, ती कडक हवी, आणि प्रसंगी ती निष्ठुरही वाटणार. या बाबतीत माझ्या मनात किंतु नाही.

पण मर्यादा कडक असणे आणि ती आंधळी असणे यांत फरक आहे. लहानपणी श्रावणी सोमवारी आई खुलभर दुधाची कहाणी सांगे. राजाने महादेवाचा गाभारा दुधाने भरायचा ठरवले आणि घरोघरचे सगळे दूध देवळात आणण्याची आज्ञा केली. सगळ्यांनी आणले, वासरांना आणि मुलांना न देता आणले. गाभारा काही भरेना. मग एक म्हातारी आली. तिने आधी घरच्या मुलांना, लेकीसुनांना, वासरांना तृप्त केले होते आणि उरलेले खुलभर दूध ती घेऊन आली होती. तेवढ्याने गाभारा भरला. लहानपणी मला यातला चमत्कार आवडे. आता वाटते की त्यात चमत्कार थोडा आणि राज्यकारभार फार आहे. राजाचा हेतू वाईट नव्हता. आज्ञाही सर्वांना सारखीच होती. चूक एवढीच झाली की गाभाऱ्यात येणारे दूध कुणाच्या तोंडचे येते आहे, हे त्याने पाहिले नाही. आपल्या बहुतेक आज्ञा अशाच असतात. सर्वांना सारख्या असतात म्हणून न्याय्य वाटतात. पण ज्याच्या गोठ्यात दहा गाई आहेत त्याचे वासरू आणि ज्याच्या घरी एकच गाय आहे त्याचे वासरू त्यांनी सारखे उपाशी राहत नाही.

म्हणून मला वाटते, पुलावर पाटी लावणाऱ्याने आणि ती पाटी ओलांडणाऱ्याने, दोघांनीही स्वतःला एकच प्रश्न विचारावा : मी इथून काढलेला भार आता कोण वाहणार आहे? ओलांडणाऱ्याला या प्रश्नाचे उत्तर मिळाले की बहुधा तो ओलांडणार नाही. लावणाऱ्याला उत्तर मिळाले तर त्याने पाटी काढू नये. पाटीबरोबर आणखी काहीतरी लावावे. जिथे एस.टी. थांबवली तिथून पुढे छोटी गाडी द्यावी, मोटार थांबवली तिथे रिक्षा द्यावी. ते देता येत नसेल तर निदान, हा भार आम्ही अमक्यांवर टाकत आहोत, असे त्यांच्या तोंडावर, भर सभेत सांगावे. न सांगता टाकलेला भार आणि सांगून टाकलेला भार यांचे वजन एकच असले, तरी दुसऱ्या प्रकारात वाहणाऱ्याला निदान नाही म्हणायला तोंड मिळते.

हे सगळे सुचायला मला तीन वर्षे लागली, आणि त्यातले फार थोडे माझ्या हातून झाले. ग्रामसभेत मी त्या तीन खेपांची हकीकत सांगितली. सभेला ती आवडली नाही. कुणी म्हणाले, गुरुजींना आता कादंबऱ्या कमी पडू लागल्या; कुणी म्हणाले, तुमच्या आधी शंभर गाड्या गेल्या आणि नंतरही गेल्या, तुम्ही कशाला अंगावर घेता? चिरेवाला मागे उभा होता. तो काही बोलला नाही. बाहेर आल्यावर मात्र तो माझ्याबरोबर पुलापर्यंत चालत आला आणि एवढेच म्हणाला, “गुरुजी, त्या दिवशी तुम्ही सहा म्हटला असतात, तर मी सहा मारलंय असतंय.” मला वाटते, हे त्याने मला दिलेले सर्वांत खरे उत्तर होते.

वाडीच्या मुलींसाठी छोटी गाडी मिळावी म्हणून केलेल्या अर्जाच्या प्रती माझ्याकडे आहेत. गाडी मिळालेली नाही. सहा मुली चालतात. सातवीच्या घरी मी दोनदा जाऊन आलो. पहिल्यांदा ती समोर आली नाही. दुसऱ्यांदा आली, पाणी दिले, आणि काजूच्या चिकाने काळी झालेली बोटे पदराआड लपवत म्हणाली, “गुरुजी, नवीन खोलीत पंखे बसले?” बसले, असे मी सांगितले. पुढे मला बोलता आले नाही.

गेल्या उन्हाळ्यात शाळेच्या जुन्या इमारतीचे कौले-वासे काढून पत्रे घालायचे काम निघाले. पत्रे, लोखंडी कैच्या, सिमेंट असे सामान पुन्हा त्याच पुलावरून यायचे होते. पाच टनांत बसेल असा छोटा टेंपो सांगितला. अकरा खेपा झाल्या. खर्च अंदाजाबाहेर गेला आणि खजिनदारांनी मला जादा रकमेचे कारण वहीत लिहायला सांगितले. मी बराच वेळ पेन हातात धरून बसलो. मग ‘पुलाचा भार’ असे लिहिले आणि खाली सही केली. खजिनदार म्हणाले, या नावाचे खाते आपल्या वहीत नाही. मी म्हटले, आजपासून उघडा.